स्लायडिंग खिडकीतून दर पावसाळ्यात पाणी आत येतंय? सिलिकॉन मारून घेण्याआधी हे तपासा

जून सुरू झाला की सोसायट्यांच्या ग्रुपवर एकच तक्रार फिरू लागते. खिडकी नीट लावलेली, लॉकही लागलेलं, तरी सकाळी बघावं तर ट्रॅक काठोकाठ भरलेला आणि पाणी कट्ट्यावरून ओघळत गादीपर्यंत आलेलं. मग जुने टॉवेल, पायपुसणी, वर्तमानपत्रं. रविवारी स्लायडिंगवाला येतो, आतल्या बाजूने चौफेर सिलिकॉनची रेघ ओढतो, पैसे घेऊन जातो. थोडे दिवस बरे जातात. पुढची झड आली की पुन्हा तेच, आणि पुष्कळदा आधीपेक्षा जास्त.

यातल्या बहुतेक खिडक्या बिघडलेल्या नसतात. त्यांचा निचरा बंद पडलेला असतो, आणि तो मोकळा करायचं सोडून आपण दरवर्षी तो आणखी बुजवत जातो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. नवी खिडकी बसवण्याचा खर्च लहान नसतो, आणि ओल भिंतीत मुरली की त्या खोलीत झोपणाऱ्या माणसाच्या तब्येतीवरही तिचा परिणाम होतो.

ही खिडकी पाणी अडवत नाही, बाहेर काढते

बाहेर उघडणारी कब्जाची खिडकी लावली की पल्ला चौकटीवर दाबून बसतो आणि मधलं रबर चेपलं जातं. बाहेरून वारा आला तर पल्ला आणखी घट्ट बसतो. स्लायडिंगला ही सोय नाही. शटर, म्हणजे काचेचा पल्ला, सरकायचं म्हटलं की त्याच्या कडांना थोडी मोकळीक ठेवावीच लागते. ती भरायला बारीक केसांचा ब्रश लावलेला असतो, त्याला कारागीर वूल पाइल म्हणतात. हा ब्रश धूळ अडवतो, वारा कमी करतो. पाणी थांबवणं त्याचं काम नाही. काचेवरून ओघळलेलं पाणी त्यातून झिरपून खालच्या ट्रॅकमध्ये पडणार, हे खिडकी बनवतानाच धरलेलं असतं.

ट्रॅक म्हणजे खरं तर पन्हळ. तिच्या बाहेरच्या अंगाला भोकं किंवा लांबट खाचा पाडलेल्या असतात आणि आतल्या अंगाची कड उंच ठेवलेली असते. पाणी पडावं, साठायच्या आत बाहेर जावं, आणि थोडं साठलंच तर उंच कडेमुळे घरात उतरू नये. सगळी मदार या भोकांवर आणि त्या कडेवर आहे. आतून मारलेलं सिलिकॉन दोन्हींना काहीच मदत करत नाही. उलट ते ट्रॅकमध्ये उतरलं तर पाण्याची वाट अडवतं, आणि चौकटीच्या आतल्या कडेला घट्ट बसलं तर खोलीत दिसू शकलं असतं ते पाणी भिंतीच्या पोटात कोंडतं.

आधी तांब्याभर पाणी ओता

पाणी कुठून येतंय हे कळल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका. कोरड्या दिवशी ट्रॅक साफ करून शटर एका बाजूला सरकवा आणि सगळ्यात आतल्या पन्हळीत हळूहळू तांब्याभर पाणी ओता. खाली कुणाचे कपडे वाळत नाहीत ना, तेवढं बघून घ्या. खिडकीबाहेर वाकायची गरज नाही, पाण्याची पातळी आतूनच दिसते.

पाणी मिनिटभरात निघून गेलं तर निचरा ठीक आहे. मग दोष वाऱ्यात, शटरमध्ये किंवा भिंतीत शोधायचा, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पाणी तसंच उभं राहिलं तर भोकं बुजलेली आहेत किंवा पाडलेलीच नाहीत. दुसरी शक्यता ऐकून आश्चर्य वाटेल, पण ती नेहमी आढळते. दोन किंवा तीन ट्रॅकच्या खिडकीत पन्हळीही तितक्याच, किंबहुना एखादी जास्तच असते. आतल्या पन्हळीतलं पाणी मधल्या पट्ट्यांमधून बाहेरच्या पन्हळीत आणि तिथून बाहेर जायला हवं. घाईत काम उरकणारा कारागीर फक्त सर्वांत बाहेरच्या भिंतीला भोकं पाडतो. बाहेरून बघणाऱ्याला भोकं दिसतात, पण आतल्या पन्हळीतल्या पाण्याला जायला रस्ताच नसतो.

तिसरा प्रकार जास्त फसवा असतो. पातळी हळूहळू उतरते, पण भोकातून काही पडताना दिसत नाही. अशा वेळी चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांवर संशय घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंगची चौकट पट्ट्या कापून कोपऱ्यात स्क्रूने जोडलेली असते. जोडताना त्या सांध्यात सिलिकॉन भरलं नसेल तर केसाएवढ्या फटीतून पाणी चौकटीखाली उतरतं. खात्री करून घ्यायची असेल तर आतून भोकांवर कणकेचे गोळे दाबा, ट्रॅक अर्धा भरा, पातळीला पेन्सिलीची खूण करा आणि अर्ध्या तासाने बघा. पातळी उतरली तर कोपरे गळत आहेत. मग गोळे आठवणीने काढा. हे पाणी खिडकीत कधीच दिसत नाही. ते कट्ट्याखालच्या भिंतीवर दिसतं. रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, पांढरा लोणा धरतो. घरातले लोक तेव्हा भिंतीला वॉटरप्रूफिंग करायला निघतात.

कोपऱ्याची दुरुस्ती सोपी आहे. शटर काढा, कोपरा कोरडा करा, जुना मळ आणि जुनं सिलिकॉन खरवडून काढा, स्पिरिटने पुसा आणि कोपऱ्याच्या आतल्या सांध्यात नवीन सिलिकॉन भरून बोटाने दाबा. एक दिवस हात लावू नका. पन्हळीच्या तळावर सिलिकॉनचा बांध तयार होणार नाही याकडे लक्ष द्या. नाही तर दुरुस्तीनेच निचरा अडेल.

भोकं का बुजतात

मुंबई-पुण्यात सगळ्यात मोठं कारण धूळ आणि कबुतरांची पिसं. ब्रशचे गळलेले केस त्यात मिसळतात, कुंडीतली माती पडते, आणि पहिल्या पावसात या सगळ्याचा चिखल होऊन भोकाच्या तोंडाशी बसतो. म्हणून ट्रॅक साफ करताना आधी पाणी ओतू नका. कोरड्या ब्रशने किंवा व्हॅक्यूमने सगळं उचला, मगच ओल्या फडक्याने पुसा. भोकात घालायला तार घेऊ नका, पावडर कोटिंगवर ओरखडे पडतात. प्लास्टिकचा केबल टाय पुरतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा आणि गणपतीच्या आधी एकदा एवढं केलं तर अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतील.

दुसरं कारण म्हणजे इमारतीचं रंगकाम. परांचीवरचा माणूस चौकटीच्या खालच्या कडेला पुट्टी किंवा सीलंट ओढत जातो आणि त्याच्या एका हातात सगळी भोकं बंद होतात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ती भोकं कशासाठी आहेत हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. सोसायटीने कंत्राट देतानाच हे लिहून घ्यायला हवं: चौकटीच्या खालच्या बाजूची भोकं मोकळी ठेवणं, आणि परांची उतरवण्याआधी प्रत्येक खिडकीत पाणी ओतून दाखवणं. रंगकामानंतरच्याच पावसाळ्यात गळती सुरू झाली असेल तर कारण शोधायला लांब जावं लागणार नाही.

काही घरांत आपणच ती बुजवतो. मुंग्या येतात, डास येतात, वाऱ्यात शिट्टी वाजते, म्हणून कापसाचा बोळा किंवा एमसील. त्यापेक्षा बाहेरून बसणारी, झडप असलेली प्लास्टिकची टोपी मिळते, ती लावून घ्या. पाणी आतून ढकलून झडप उघडतं, आणि वारा आला की ती मिटते.

भोकं नव्याने पाडायची असतील तर मापाकडे लक्ष द्या. पाण्याचा थेंब बारीक भोकाच्या तोंडाशी चिकटून राहतो, वाहतच नाही. गोल भोक निदान ८ मिमीचं हवं. त्याहून चांगली खाच, साधारण ५ मिमी उंच आणि २५ मिमी लांब. साधारण दोन फुटांना एक. भोकाची खालची कड पन्हळीच्या तळाला लागूनच हवी. ते वर पाडलं तर त्याच्या खालचं पाणी कायमचं साठून राहतं आणि डासांची सोय होते. आतल्या आणि बाहेरच्या पट्टीतली भोकं एकासमोर एक आणू नका, थोडी सरकवून पाडा, म्हणजे वारा सरळ आत घुसत नाही. ड्रिलचा भुसा एकूण एक उचला. तो शटरच्या चाकांखाली गेला तर चाकं खराब करतो.

भोकं मोकळी आहेत, तरी पाणी येतं

ही तक्रार बहुधा वरच्या मजल्यांवरून येते, आणि पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या खोलीतून. तीच खिडकी, तोच कारागीर, तिसऱ्या मजल्यावर थेंबही नाही आणि अठराव्या मजल्यावर तळं. पाऊस दोघांवर सारखाच पडतो, वारा मात्र उंचीबरोबर वाढत जातो.

जोराच्या झडीत एकदा ट्रॅककडे बघा. पाणी उकळी फुटल्यासारखं बुडबुडत असेल, थेंब आत उडत असतील, तर तुमचा प्रश्न वाऱ्याचा आहे. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा जास्त असल्याने हवा भोकांतून आत शिरते आणि पाण्याला बाहेर पडू देत नाही. पाणी बाहेर पडायला त्याच्या स्वतःच्या उंचीचा दाब वाऱ्याच्या दाबाहून जास्त व्हावा लागतो. तोपर्यंत ते ट्रॅकमध्ये चढत राहतं.

ते किती चढेल याचं गणित सोपं आहे. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात वाऱ्याच्या दाबाचं सूत्र दिलं आहे: वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणायचं. वेग मीटर प्रति सेकंदात घेतला की दाब पास्कलमध्ये येतो. १ मिमी उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे ९.८ पास्कल. ताशी ३६ किमी वारा, म्हणजे सेकंदाला १० मीटर, ६० पास्कल दाब देतो आणि ट्रॅकमधलं पाणी ६ मिमी चढवू शकतो. ताशी ५४ किमीला १४ मिमी. ताशी ७२ किमीला २४ मिमी. वेग दुप्पट झाला की पाणी चौपट चढतं, हे नीट लक्षात घ्या. मग ट्रॅकच्या आतल्या कडेला पट्टी लावून मोजा. ती २० मिमी असेल तर ताशी ७२ किमीच्या झोतात ती खिडकी पाणी आत घेणारच. तिथे सिलिकॉन कितीही मारलं तरी उपयोग नाही.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किमी वेगाची नोंद झाली. त्या वेगाला पाणी ६० मिमीच्या आसपास चढतं. घरगुती स्लायडिंगला एवढी कड नसते. त्या दिवशी चांगल्या खिडक्यांमधूनही पाणी आलं असेल तर त्यात खिडकीचा दोष नव्हता. वादळातल्या एका दिवसावरून खिडकी बदलायचा निर्णय घेऊ नका. रोजच्या पावसात ती कशी वागते ते बघा.

यावर लगेच करता येण्यासारखा एक उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. झड सुरू झाली की त्या खोलीचं दार लावून घ्या आणि घराच्या दुसऱ्या बाजूच्या खिडक्या व स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट बंद करा. दार उघडं असलं की वारा एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो, त्यामुळे खोलीतला दाब कमीच राहतो आणि पाणी आत ढकललं जातं. दार लावलं की खोलीतली हवा कोंडून आतला दाब बाहेरच्या बरोबरीला येऊ लागतो, आणि ट्रॅकमधलं बुडबुडणं तुमच्या डोळ्यांदेखत कमी होतं. करून बघा. एवढ्याने पाणी थांबलं तर निदानही पक्कं झालं.

कायमचा उपाय म्हणजे आतली कड उंच करणं. चौकटीच्या आतल्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमची उभी पट्टी किंवा कोनपट्टी बसवून, तिच्या सांध्यात आणि दोन्ही टोकांना सिलिकॉन भरून १५-२० मिमी उंची वाढवता येते. आतल्या बाजूला सिलिकॉनची जागा असेल तर ती हीच. पट्टी शटरला घासणार नाही आणि शटर काढताना आड येणार नाही, एवढं आधी बघा. शक्य असेल तिथे खिडकीवर छज्जा करून घ्या. जुन्या चाळींना, वाड्यांना पुढे आलेले छज्जे आणि पागोळ्या होत्या. खिडकीवर पडणारं पाणी मुळातच कमी होतं. सपाट दर्शनी भाग आणि त्यात बसवलेली भली मोठी स्लायडिंग, हे कोकणच्या पावसाला साजेसं बांधकाम नाही असं माझं ठाम मत आहे. पण बाहेरचा कोणताही बदल सोसायटीच्या आणि पालिकेच्या परवानगीशिवाय करू नका.

दिवाळीच्या साफसफाईनंतर शटर कुठे बसलं?

दिवाळीला सगळी शटरं काढून बाथरूममध्ये धुतली जातात आणि परत बसवताना डाव्याचं उजव्या बाजूला, आतल्याचं बाहेर असं होतं. खिडकी सरकते, लॉकही कसंबसं लागतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पावसाळा यायला सात महिने असतात, तोवर सगळे विसरतात.

दोन शटरं मध्ये जिथे एकमेकांवर येतात तिथल्या उभ्या पट्ट्यांना आकड्यासारखी कड असते. खिडकी लावली की एकीचा आकडा दुसरीत अडकतो. यालाच इंटरलॉक म्हणतात. शटरं उलट बसली की आकडे एकमेकांकडे पाठ करतात आणि मध्ये वरपासून खालपर्यंत उभी फट राहते. तपासायला खिडकी लावून, लॉक करून, मधल्या सांध्याजवळ अगरबत्ती धरा. वारा असताना धूर जोरात आत वळला, किंवा मधल्या पट्टीला हाताने ढकलल्यावर ती खडखडली, तर आधी आकडे कुठे तोंड करून आहेत ते बघा. ते बरोबर असतील तर ब्रश झिजलेला आहे. ब्रश मीटरवर मिळतो. जुन्याचा तुकडा दुकानात घेऊन जा, कारण पट्टीची रुंदी आणि केसांची उंची दोन्ही जुळावी लागतात. उंची कमी पडली तर काही उपयोग नाही, जास्त झाली तर शटर जड होतं.

पुढच्या वेळी शटर काढण्याआधी प्रत्येकावर आतल्या बाजूने कागदी टेप लावून लिहा: आतलं-उजवं, बाहेरचं-डावं. आणि काढताना दोघं जण असा. ५ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला साडेबारा किलो असतं. अडीच फूट बाय चार फुटांच्या शटरमध्ये नुसत्या काचेचे साडेअकरा किलो होतात. शटर वर उचलून खालची कड आत ओढताना ते एकदम मोकळं होतं. ग्रिल नसलेल्या वरच्या मजल्यावर हे काम घरी करूच नका.

चौकट आणि भिंत यांच्यामधला सांधा

ट्रॅक कोरडा आहे पण चौकटीच्या बाजूने भिंत ओली होते, किंवा वरच्या कोपऱ्यातून थेंब पडतात, तर पाणी भिंतीच्या सांध्यातून येतं. गच्चीलगतची किंवा तळमजल्याची खिडकी असेल तर बाहेरून पाइपने पाणी मारून बघता येतं. सुरुवात खालून करा: आधी कट्ट्याचा सांधा काही मिनिटं भिजवा, मग दोन्ही बाजू, शेवटी वरची कड. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही.

हा सांधा बऱ्याच ठिकाणी सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवलेला असतो, आणि तो फुटतोच. १.८ मीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ३० अंश तापमानवाढीला सुमारे सव्वा मिलिमीटर लांबते. यूपीव्हीसी, म्हणजे खिडक्यांचं कडक प्लास्टिक, तर त्याच्या सुमारे तिप्पट. उन्हाळ्यात रोज ताणला आणि आकसला जाणारा सांधा कडक सिमेंट सांभाळू शकत नाही, तिथे ताणलं जाणारं सीलंटच हवं, आणि ते बाहेरून.

सिलिकॉनमध्ये दोन जाती आहेत. एकीला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ती काच आणि धातूसाठी ठीक, पण सिमेंट, प्लास्टर आणि संगमरवरावर नीट धरत नाही, संगमरवरावर डागही पाडते. भिंतीच्या सांध्याला न्यूट्रल प्रकारचं लागतं, नळीवर तसं लिहिलेलं असतं. रंगकाम बाकी असेल तर आधी रंग, मग सिलिकॉन, कारण सिलिकॉनवर रंग टिकत नाही. ज्यावर रंग बसतो असं पॉलीयुरेथेनचं सीलंटही मिळतं.

जुन्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन चिकटत नाही. दरवर्षी वरून नवी रेघ मारून घेणाऱ्यांचे पैसे इथेच वाया जातात. जुनं ब्लेडने पूर्ण काढा, फट साफ आणि कोरडी करा. फट रुंद असेल तर आधी फोमची दोरी आत दाबा आणि तिच्यावर सिलिकॉन भरा, म्हणजे ते दोन्ही कडांनाच धरतं आणि ताण सहन करतं. ओल्या भिंतीवर हे काम होत नाही. ते मेमध्येच उरकावं लागतं, जुलैत घाबरून बोलावलेला माणूस प्रामाणिक असला तरी टिकाऊ काम देऊ शकणार नाही. आणि खालच्या कडेला सीलंट भरताना भोकांवर कागदी टेप लावून ठेवायला सांगा.

कट्ट्याचा उतारही बघून घ्या. ग्रॅनाइटवर एक गोटी ठेवली तर ती बाहेर घरंगळली पाहिजे. ती आत आली किंवा जागेवरच थांबली तर पाणी चौकटीच्या पायाशी उभं राहणार. कट्ट्याच्या बाहेर आलेल्या भागाला खालून एक चर असावा, त्यामुळे पाणी तिथेच तुटून खाली पडतं, भिंतीवरून परत येत नाही.

एसी चालू असलेल्या खोलीत, दमट रात्री काचेच्या बाहेरच्या अंगाला पाणी दिसतं. ते दव असतं, गळती नाही.

शटर जड झालं असेल तर

घासणारं शटर आणि गळणारी खिडकी हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण ते पुष्कळदा एकच असतात. शटरच्या खाली दोन बेअरिंग असतात, म्हणजे नायलॉनची किंवा स्टीलची चाकं. ती झिजली की शटर खाली बसतं. वरच्या बाजूला फट वाढते, इंटरलॉक तिरका होतो, लॉकचं तोंड जुळत नाही. त्यातून पाणी आणि वारा दोन्ही येतात.

शटरच्या बाजूला, अगदी खाली एक भोक असतं. आत स्क्रू असेल तर तो फिरवून शटर वर-खाली करता येतं. दोन्ही बाजू सारख्या करा आणि उभी पट्टी चौकटीला समांतर झाली की थांबा. स्क्रूने भागलं नाही तर बेअरिंग बदला, नेहमी दोन्ही एकदम, आणि जुनं सोबत नेऊन त्याच मापाचं आणा. रत्नागिरी, मालवण, अलिबागसारख्या खाऱ्या हवेच्या गावांत साध्या लोखंडी बेअरिंगला आणि स्क्रूला लवकर गंज चढतो. तिथे स्टेनलेस स्टीलचेच घ्या. बाल्कनीच्या मोठ्या दाराला खिडकीचं बेअरिंग चालत नाही. ८ मिमी काच चौरस मीटरला २० किलो भरते, त्यामुळे सात फूट बाय साडेतीन फुटांचा एक पल्ला काचेनेच ४५ किलोचा होतो. ट्रॅकची रेषाच झिजून खाचा पडल्या असतील तर तिच्यावर बसणारी स्टेनलेसची पट्टी मिळते. ती बसवली नाही तर नवीन चाकंही लवकर जातील.

ट्रॅकमध्ये खोबरेल, शिलाई मशीनचं तेल किंवा ग्रीस घालू नका. दोन दिवस शटर छान सरकतं, मग त्यावर धूळ बसून काळा चिकट लेप होतो, आणि तो लेप वाहून भोकांपर्यंत जातो. सुकून जाणारा सिलिकॉन स्प्रे चाकांवर थोडासा मारला तरी पुरतो.

नवीन खिडकी करून घेताना

कोटेशन मागताना लोक काचेची जाडी, रंग आणि चौरस फुटाचा दर विचारतात. त्याआधी ट्रॅकच्या सेक्शनचा, म्हणजे ज्या पट्टीतून ट्रॅक कापतात तिचा, तुकडा हातात मागा आणि आतल्या कडेची उंची मोजा. भोकं कुठे आणि कोणत्या मापाची पाडणार, मधल्या पट्ट्यांना पाडणार की नाही, कोपऱ्यात सिलिकॉन भरणार का, हे कागदावर घ्या. चौकट कट्ट्याच्या बाहेरच्या टोकाशी नको, थोडी आत हवी. बसवताना ट्रॅकमध्ये सिमेंट पडू देऊ नका. ओलं सिमेंट अ‍ॅल्युमिनियमला खातं, आणि वाळलेल्या गोळ्या चाकांखाली येतात.

वाऱ्याच्या थेट तोंडाशी असलेल्या, वरच्या मजल्यावरच्या खोलीत मात्र पुन्हा स्लायडिंग करू नका. तिथे कब्जाची, रबरावर दाबून बसणारी खिडकी घ्या. बाहेर उघडणारी असेल तर ग्रिल आड येतं, आणि आत उघडणारी घेतली तर पडदा व पलंग सरकवावा लागतो, म्हणून खोलीची मांडणी आधी ठरवा. एकच मोठी खिडकी असेल तर मधला भाग पक्क्या काचेचा आणि दोन्ही बाजूंना कब्जाचे छोटे पल्ले असा मेळ घालता येतो. हवा तेवढीच मिळते, आणि सरकणारा सांधा एकही राहत नाही.